धाकटीची दाढ

१

बाईंचा कामाचा दिवस कित्येक वर्षं एकाच चाकोरीतून जात होता. संग्रहालयाच्या मागच्या दाराने आत शिरायचं, तळघराच्या पायऱ्या उतरायच्या, लांबचा चष्मा काढून जवळचा लावायचा, हातमोजे चढवायचे आणि लोखंडी कपाटाच्या खणातून धाकटीला बाहेर काढायचं. माणूस माणूस कसा झाला, या एका प्रश्नापायी बाईंनी उभी हयात घालवली होती, आणि त्या हयातीचा ऐवज म्हणाल तर तळहातावर मावेल एवढा.

धाकटी म्हणजे एका लहान मुलाचा खालचा जबडा. तोही पुरता नाही. डावी बाजू शाबूत, उजवीकडचा तुकडा गायब. लाखो वर्षांपूर्वी कुठल्याशा ओढ्याकाठी हे पोर मेलं, गाळात रुतलं आणि दगड झालं. मुलगा की मुलगी हे नुसत्या जबड्यावरून कुणालाच सांगता येत नाही, बाईंनाही येत नव्हतं. पण ज्या दिवशी तो जबडा मातीतून वर आला त्याच दिवशी त्यांनी त्याला धाकटी म्हणून हाक मारली, कारण घरी थोरली होती. थोरली तेव्हा चालायला शिकत होती, आणि बाई महिनोन् महिने त्या ओढ्याकाठी तंबूत होत्या.

माकडाचं पोर भराभर वाढतं आणि आपल्या वाटेला लागतं. माणसाचं पोर मात्र वर्षानुवर्षं पोरच राहतं, आईच्या मागेमागे फिरतं. हे लांबलेलं बालपण फार जुनं आहे, असं बाईंचं म्हणणं होतं, आणि पुरावा होता धाकटीचा. मेली तेव्हा ती चार वर्षांची, आणि तिची पहिली कायमची दाढ अजून हाडाच्या आत, आपल्या चार वर्षांच्या पोरांची असते तशीच. जबड्याच्या बाहेरच्या अंगाला एक टवका उडाला होता. त्या भोकातून ती दाढ दिसे, मान तिरकी करून बसलेली, आणि तिच्यावर एक आडवी रेघ, मधेच खाली झुकून पुन्हा वर चढलेली. दात घडत असताना मूल जिवावरच्या दुखण्यातून उठलं की अशी रेघ उमटते. बाईंनी त्या एका रेघेवर अख्खा निबंध लिहिला होता. जगात कुठेही तशीच दुसरी रेघ त्यांनी पाहिली नव्हती, आणि दात त्यांनी काही कमी पाहिले नव्हते.

आता निवृत्ती तोंडावर आली होती. शेवटच्या पुस्तकासाठी शेवटची मापं घ्यायची, की झालं. बाईंना त्याचं दुःखही होत नव्हतं. अंग इतकं शिणलं होतं की दुःख करायलाही बसावं लागलं असतं.

धाकटीच्या माथ्यावर प्लास्टरचा एक वरचा जबडा बसवलेला होता, दोऱ्याने बांधून. तो बाईंच्या नातीचा. नात चार वर्षांची असताना घसरगुंडीवरून पडली, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या दातांचा ठसा घेतला, आणि त्याचं प्लास्टर बाईंनी मागून आणलं. तुलनेला चार वर्षांचं जितंजागतं पोर सहसा मिळत नाही. सहज म्हणून त्यांनी नातीचे वरचे दात धाकटीच्या खालच्या दातांवर टेकवले, तर चावा तंतोतंत जुळला. बाई लहान मुलीसारख्या हरखल्या. त्याचा फोटो त्यांनी पुढे प्रत्येक व्याख्यानात दाखवला, आणि प्रत्येक वेळी सभागृहातून आश्चर्याचा आवाज उठला. अस्सल हाडाजवळ प्लास्टर ठेवायचं नाही हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. पण चावा हलू नये म्हणून त्यांनी दोरा बांधला तो बांधलाच. माप घेताना सोडायचा, झालं की पुन्हा बांधायचा. तात्पुरती ठेवलेली वस्तू जिथे असते तिथेच म्हातारी होते, तसं झालं.

त्या सकाळी बाईंनी दोरा सोडला, प्लास्टर बाजूला ठेवलं आणि दुधाच्या शेवटच्या दाढेमागे बारीक सुई फिरवली. तिथे हाडाची सपाट कड लागायला हवी होती. सुई कशावर तरी घसरली. हाडावर सुई खरखरते. ही घसरली, काचेवरून घसरावी तशी.

बाईंनी भिंग घेतलं. हाडाच्या कडेतून पांढरं टोक वर आलं होतं, मोहरीएवढं.

२

"चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा," संग्रहपाल म्हणाले. ते बाईंच्याच वयाचे, तळघराच्या किल्ल्या आणि जगावरचा राग दोन्ही कमरेला बाळगून असलेले गृहस्थ. "निवृत्तीच्या वेळी सगळ्यांचं असंच होतं. मला परवा एक कवटी हसल्यासारखी वाटली."

"कवट्या हसतातच. तुम्ही बघा तर खरं."

संग्रहपालांनी बघितलं. मग हातातला चहाचा कप दूर नेऊन ठेवला आणि पुन्हा बघितलं.

पहिल्या वर्षी बनवलेली धाकटीची जुनी प्रतिकृती वरच्या फळीवर होती. दोघांनी ती काढून शेजारी ठेवली. प्रतिकृतीवर हाडाची कड सलग, गुळगुळीत. अस्सल जबड्यावर मोहरीएवढं टोक.

"कड उडाली," संग्रहपाल म्हणाले. "हवा कोरडी ठेवणारं यंत्र मधे बंद पडलं होतं ना? हाड सुकलं, तडकलं, पापुद्रा निघाला, आतला दात उघडा पडला. साधी गोष्ट आहे."

बाईंच्या बुद्धीला हे पटलं. पटायलाच हवं होतं, कारण दुसरं काही पटवून घेण्यासारखं नव्हतं. मात्र पापुद्रा निघाला तर तो खणात पडलेला असायला हवा. त्यांनी जबडा ठेवायचा फोमचा खळगा भिंगाखाली धरला. पापुद्रा नव्हता. बारीक पांढरी पूड होती, बोटाला कचकच लागणारी.

"प्लास्टर झडतंय," संग्रहपाल म्हणाले. "किती वेळा सांगितलं, त्याला वेगळं ठेवा."

बाईंनी प्लास्टर उलटं केलं. नातीचे दात खालच्या बाजूने घासून चपटे झाले होते. नुसतं ठेवलेलं प्लास्टर झडतं ते कडांनी. हे झिजलं होतं ते जिथे चावा बसतो तिथेच.

"उद्या वेगळं ठेवते," बाई म्हणाल्या, आणि सवयीने हातांनी पुन्हा दोरा बांधला. तो बांधून झाल्यावरच त्यांच्या लक्षात आलं. पण आता सोडायचा कंटाळा आला.

खण लावताना आत काहीतरी हलकेच करकरलं. खणाची चाकं गंजली असतील, असं म्हणून बाईंनी दिवा मालवला.

३

हल्ली दुपारी बाई घरी असत, आणि नात त्यांच्याकडे असे. शाळेतून आली की थोरली तिला सोडून कामाला जाई आणि संध्याकाळी न्यायला येई. बिस्कीट समोरच्या दातांनी कुरतडण्याच्या तिच्या पद्धतीवरून तिचं नाव खारू पडलं होतं. खरं नाव शाळेत वापरत.

हल्ली खारू बिस्कीटही खात नव्हती.

"आजी, ह्यात वाळू आहे."

"बिस्किटात कशी असेल गं वाळू?"

"केळ्यातपण आहे."

बाईंनी केळ्याचा तुकडा तोंडात टाकला. मऊ, गोड केळं. "काही नाहीये. सगळे चोचले."

"तुला नाही लागत," खारू समजूतदारपणे म्हणाली. "मला लागते. सारखी कचकच कचकच."

जेवणानंतर ती आतल्या खोलीत झोपली. बाई बाहेरच्या खोलीत तपासायचे कागद घेऊन बसल्या, आणि वाचता वाचता त्यांचा हात थांबला. आतून आवाज येत होता. करकर, थोडं थांबून पुन्हा करकर. मुलं झोपेत दात खातात, त्यात नवल ते काय. थोरलीही खायची म्हणे. म्हणे, कारण ते बाईंना त्यांच्या आईने पत्रातून कळवलं होतं.

त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पडदे ओढलेल्या खोलीत खारू उताणी झोपली होती. खालचा जबडा सावकाश एका बाजूला सरकायचा, थांबायचा, मग परत यायचा. दाणे दळल्यासारखा. आणि वरचा ओठ अगदी स्वस्थ, जणू वरच्या दातांना ह्यातलं काही ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी थोरली आली ती चपलाही न काढता दाराच्या चौकटीपाशी उभी राहिली. तिथे खारूच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"आई, हे बघ. ही मागच्या वाढदिवसाची. ही त्याच्या आधीची. आणि ही मी काल केली."

तीन खुणा नव्हत्याच. एकच जाडसर रेघ होती, वरून वरून गिरवल्यासारखी.

"दोन वर्षांपूर्वीचा फ्रॉक घालते अजून. मला वाटायचं, किती टिकाऊ कापड आहे! वर्गातली सगळी पोरं बोळकी झाली, हिचा एक दात हलत नाही."

"काहींचं उशिरा होतं," बाई म्हणाल्या. "तुझे दातही उशिराच पडले."

थोरली हसली. ते हसू बाईंना ओळखीचं होतं, आणि ते त्यांना कधीच सहन झालेलं नव्हतं.

"तुला कसं माहीत? तू होतीस का? तू तर तुझ्या धाकटीचे मोजत होतीस."

बाईंनी चपला घातल्या आणि त्या म्हणाल्या, "चल. आत्ताच डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. मी येते."

४

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पडद्यावर लावला. मग मदतनीस बाईला हाक मारून त्यांनी विचारलं, "हा आत्ताचाच ना? जुना नाही ना लागला?"

"आत्ताच काढलाय की. पोरगी बसलीय अजून खुर्चीत."

"काय झालं?" थोरलीने विचारलं.

"घाबरण्यासारखं काही नाही. म्हणजे मला तसं वाटतं. हिचं वय सहा आहे, पण जबडा चार वर्षांचा दिसतोय. सहाव्या वर्षी येणारी दाढ अजून पार आत आहे. कुठलं मोठं आजारपण झालं होतं का, लहानपणी?"

"कधीच नाही. साधी सर्दी सोडली तर काही नाही."

बाई पडद्याकडे बघत होत्या. हाडाच्या आत एक दाढ बसली होती, मान तिरकी करून. तो तिरकेपणा त्यांच्या हाताला पाठ होता, डोळे मिटून फळ्यावर काढता येईल इतका. व्याख्यान संपताना धाकटीचा असाच एक्स-रे लावून त्या म्हणायच्या, आपली पोरं सावकाश वाढतात, म्हणून तर ती माणसाची. लोक टाळ्या वाजवायचे.

"आई? काय झालं तुला?"

"काही नाही. डोळ्यांवर ताण आला."

त्यांची बुद्धी अजून कामावर होती. ती सांगत होती की पोरांचे जबडे एकमेकांसारखे असतातच, की जिला तीस वर्षं एकच गोष्ट दिसते तिला सगळीकडे तीच दिसणार, की ह्याला आपल्या धंद्यात पूर्वग्रह म्हणतात आणि त्यापायी आपण कितीतरी विद्यार्थ्यांना झापलं आहे. सगळं खरं होतं. खुर्चीतून खारू म्हणाली, "काकू, तुमच्या पाण्यातपण वाळू आहे," आणि चूळ थुंकून टाकली. बाईंनी वाकून बेसिनमध्ये बघितलं. पाणी वाहून गेलं होतं. जाळीपाशी मात्र तांबूस गाळाची एक रेघ राहिली होती, ओढ्याच्या काठाला असते तशी. मदतनीस बाईने ती पुसून टाकली.

५

दुसऱ्या दिवशी संग्रहपाल जेवायला गेले तेव्हा बाई तळघरात उतरल्या. लांबचा चष्मा बदलला नाही, हातमोजे घातले नाहीत.

खण ओढण्यापूर्वी त्या ऐकत उभ्या राहिल्या. हवेचं यंत्र घुरघुरत होतं. त्यांनी हात लांबवून त्याचं बटण बंद केलं. मग शांतता झाली, आणि त्या शांततेत कपाटाच्या आत कुणीतरी सावकाश चावत होतं. घाई नव्हती. खूप दिवसांनी जेवायला बसलेलं माणूस चवीने चावतं तसं.

परत जावं असं बाईंना फार वाटलं. गुडघे दुखत होते, भीती वाटत होती, आणि ह्या वयात हे आपल्या वाट्याला का, असा राग येत होता. पण वर कुठेतरी शाळेत खारू आपला न वाढणारा जबडा घेऊन बसली होती. त्यांनी खण ओढला. आवाज थांबला.

दोरा सैल होऊन एका बाजूला पडला होता. प्लास्टर उचललं तर सुटेना. बाईंनी ओढलं, आणि ते सुटताना जे जाणवलं ते त्या नंतर कुणालाही सांगू शकल्या नसत्या. पोराच्या तोंडातून आपलं बोट काढून घेताना जशी ओढ लागते, तशी ओढ लागली.

मागे पांढऱ्या टोकाच्या जागी आता दाढ होती. अख्खी, नवी, ओलसर वाटावी इतकी चकचकीत. बाईंनी भिंग उचललं, जबडा उजेडात फिरवला आणि बाहेरच्या भोकातून आत बघितलं, जिथून त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. दाढेची बाजू स्वच्छ होती. एक ओरखडा नाही, एक खळगा नाही. कधी आजारी न पडलेल्या, वेळेवर खाऊपिऊ घातलेल्या पोराची असावी तशी.

म्हणजे निबंध खोटा, सिद्धांत खोटा. पुस्तक छापायला गेलं तर लोक हसणार, आणि विरोधक तर नाचणार. बाईंनी हे सगळं विचार करून बघितलं आणि त्यांना कळलं की आपल्याला काडीचंही वाईट वाटत नाहीये. घे बाई, सगळं घे, असं त्या धाकटीला म्हणाल्या, खरंच मोठ्याने म्हणाल्या, पण माझ्या खारूला सोड.

प्लास्टर त्यांनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं, आणि कुठेही नोंद न करता बाहेर पडल्या. नदीवरच्या पुलावर गर्दी ओसरेपर्यंत थांबून त्यांनी रुमालासकट ते खाली सोडून दिलं.

६

थोरलीचा फोन आला तेव्हा बाई भाजी निवडत होत्या. त्या आठवड्यात खारूने केळं खाल्लं होतं, बिस्किटांचा पुडा संपवला होता, आणि दुपारी दात न खाता झोपली होती. बाई मात्र तळघरात फिरकल्या नव्हत्या. तब्येतीचं कारण सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"आई, दाढ आली!" थोरली फोनवर रडत होती की हसत होती कळेना. "डावीकडे, खाली. हिरडी फुटून वर आलीय. आम्ही येतोय दाखवायला."

बाईंचा जीव भांड्यात पडला. तिथेच खुर्चीत बसून त्यांनी डोळे पुसले. इतक्या वर्षांत थोरलीने अशी आनंदाची बातमी सगळ्यांत आधी त्यांना कधीच कळवली नव्हती.

दोघी आल्या. थोरलीने येताच आईच्या गळ्यात हात टाकले. "त्या दिवशी मी फार बोलले तुला. मनावर घेऊ नकोस."

"बोलायला हवंच होतंस."

"आता बघ, कशी झरझर वाढते ती. आजी बघणार ना दाढ? आ कर गं."

खारू खिडकीशी उभी राहिली आणि तिने आ केला. बाईंनी चष्मा बदलला. जुन्या सवयीने तिची हनुवटी दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली.

दाढ होती. पांढरी, भक्कम, थोडी तिरकी. मान तिरकी करून बसलेली. आणि तिच्या बाहेरच्या अंगाला, हिरडीच्या जरा वर, एक आडवी रेघ, मधेच खाली झुकून पुन्हा वर चढलेली.

बाईंनी हनुवटी सोडली नाही. ती रेघ जगात एकाच पोराची होती. त्या पोराचं पुढे काय झालं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते पाच वर्षांचं कधी झालंच नव्हतं.

"खारू," त्यांनी हळूच विचारलं, "वाळू लागते का गं अजून?"

"लागते ना," खारू म्हणाली. "पण आता आवडते."

थोरलीने ते ऐकलं नाही. ती चौकटीपाशी पेन्सिल घेऊन उभी होती. "चल, मोजूया. आई, तूच मोज. तुझा हात पक्का. मी इथे बसून बघते."

खारू चौकटीला पाठ टेकून ताठ उभी राहिली, टाचा जुळवून, श्वास रोखून. बाईंनी तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली. पट्टी त्या जाडसर रेघेवर बसली. केसाइतकाही फरक नव्हता. बाईंनी पट्टी उचलून पुन्हा टेकवली. मग तिसऱ्यांदा टेकवली, कारण त्यांनी आयुष्यात कुठलंही माप तीनदा घेतल्याशिवाय मांडलं नव्हतं.

मागून लेकीचा आवाज आला. "किती? वाढली का?"

खारू मान न हलवता डोळे वर करून आजीकडे बघत होती. "वाढले का गं मी?"

बाईंनी पट्टी बोटभर वर सरकवली आणि पेन्सिलीने रेघ ओढली. हात अजिबात कापला नाही.

"वाढलीस की," त्या म्हणाल्या. "चांगली बोटभर वाढलीस."